गणितात एम.एस्सी. की गणितशिक्षणात पुढे? वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं इंदूरची आहेत, एक ग्वाल्हेरचं आणि एक बडोद्याचं. सगळ्यांना गणितात पदवीनंतर पुढे शिकायचं आहे किंवा मुलांना शिकवायचं आहे. पत्रं थोडी आखूड केली आहेत आणि नावं वगळली आहेत.

प्रश्न : मुलगी यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गणित घेऊन. तिला शिक्षिकाच व्हायचंय. आजोबा म्हणतात बी.एड. करून मोकळी हो, मामा म्हणतो एम.एस्सी. कर, शेजारच्या ताई म्हणतात एम.एड. केलं की सगळीकडे चालतं. नक्की काय करावं?
— एक आई, सुदामा नगर, इंदूर

सर्वांत आधी मुलीला एवढंच विचारा, तिला कोणत्या वर्गापुढे उभं राहायचंय. सहावी ते दहावीला शिकवायचं असेल तर बी.एस्सी. आणि बी.एड. पुरतं, त्यावर पात्रता परीक्षा. अकरावी-बारावीला मात्र त्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. केंद्रीय विद्यालयात पीजीटी, म्हणजे अकरावी-बारावीच्या शिक्षकपदासाठी, गणितात किंवा उपयोजित गणितात किमान ५० टक्क्यांनी एम.एस्सी. किंवा एम.ए. आणि जोडीला बी.एड. हवं. मध्य प्रदेशच्या उच्च माध्यमिक शिक्षकपदालाही त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. मागतात. महाविद्यालयात शिकवायचं तर एम.एस्सी.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. बी.एड. महाविद्यालयात ‘गणित कसं शिकवावं’ हा विषय शिकवायचा तर गणितात एम.एस्सी. आणि एम.एड. दोन्ही, दोन्हींत ५५ टक्के.

यावरून ताईंचा सल्ला का अपुरा पडतो ते कळेल. बी.एस्सी., बी.एड., एम.एड. एवढ्या पदव्या असूनही बारावीच्या गणिताच्या जागेसाठी अर्ज बाद होतो, कारण विषयातली पदव्युत्तर पदवी नसते. एम.एड. ही शिक्षणशास्त्रातली पदवी आहे. ती गणितावर उभी राहते, गणिताची जागा घेत नाही.

क्रम आमच्या मते असा ठेवावा : आधी एम.एस्सी., मग बी.एड., आणि शिक्षक घडवण्याची ओढ असेल तर पुढे एम.एड. बी.एड. सध्या दोन वर्षांचं आहे, त्यात २० आठवडे शाळेत जातात आणि हजेरीची अट कडक आहे : तासांना ८० टक्के, शाळेतल्या कामाला ९० टक्के. ती दोन वर्षं गणित बाजूला पडतं. त्यानंतर पुन्हा टोपॉलॉजी आणि मेजर थिअरीला बसणं जड जातं, आणि मधेच सुटलेल्यांची संख्या थोडी नाही. घरात पगाराची तातडी असेल तर आजोबांचं बरोबर आहे. मग बी.एड. आधी करा, पण रोज अर्धा तास तरी गणित हातात राहू द्या.

एक लहानशी, पण महाग पडणारी गोष्ट. ५५ टक्के म्हणजे ५५. नेटच्या नियमात ५४.८ चे ५५ करून धरत नाहीत. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमीलेयर) आणि दिव्यांग उमेदवारांना ही अट ५० टक्के आहे. पहिल्या सत्रात ४८ टक्के पडले तर पुढच्या तीन सत्रांत किती हवेत हे त्याच दिवशी कागदावर मांडावं : चारही सत्रं सारख्या गुणांची असतील तर सरासरी ५७.३४ पाहिजे.

प्रश्न : फेब्रुवारीतल्या जॅमची तयारी करतोय. कलनाची गणितं पटापट सुटतात, पण सराव परीक्षेत गुण ३० च्या वर जात नाहीत. सिमरोलच्या आयआयटीत प्रवेश मिळावा ही इच्छा आहे.
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, भंवरकुआँ, इंदूर

जॅम ही आयआयटीतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा. आधी तिच्या प्रश्नपत्रिकेची बांधणी नीट पाहा, कारण निम्मे गुण तिथेच गळतात. ३ तास, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या भागात एकच उत्तर बरोबर असलेले ३० प्रश्न : १० एका गुणाचे, २० दोन गुणांचे. चुकलं तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वजा. दुसऱ्या भागात १० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. इथे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, सगळे अचूक निवडले तरच गुण, पण चुकलं तर वजावट नाही. तिसऱ्या भागात २० प्रश्नांची उत्तरं संख्येत टाकायची, एकूण ३० गुण, इथेही वजावट नाही. म्हणजे ५० गुण असे आहेत जिथे चूक झाली तरी खिशातलं काही जात नाही. बरेच जण पहिल्या भागात पावणेदोन तास घालवतात आणि हे ५० गुण उरलेल्या घाईत सोडवतात. सरावात एकदा तिसऱ्या भागापासून सुरुवात करून बघा.

पहिल्या भागात अंदाज कधी लावावा, याचंही गणित करता येतं. दोन गुणांच्या प्रश्नात चारातून एक डोळे मिटून निवडला तर सरासरी फायदा शून्य : २ चा चौथा हिस्सा म्हणजे अर्धा गुण मिळतो, आणि दोन तृतीयांशाचा पाऊण हिस्सा म्हणजे अर्धाच गुण जातो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी साधारण ०.२२ गुणाचा फायदा. तेव्हा काहीच माहीत नसेल तर सोडा, एक पर्याय बाद झाला तर लिहा. विद्यापीठांच्या सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेचा हिशेब वेगळा आहे. तिथे बरोबरला ४ आणि चुकीला वजा १, म्हणून निव्वळ अंदाजालाही सरासरी पाव गुण मिळतो. दोन्ही परीक्षा देणारे एकीची सवय दुसरीत नेतात आणि नुकसान करून घेतात.

आता मूळ दुखणं. कलन जमतं आणि गुण मिळत नाहीत, याचा अर्थ बहुधा वास्तव विश्लेषण, रेषीय बीजगणित आणि गट सिद्धांत कच्चे आहेत. या विषयांतले प्रश्न ‘पुढीलपैकी कोणतं विधान नेहमी खरं आहे’ अशा धाटणीचे असतात आणि तिथे आकडेमोडीचा वेग कामाला येत नाही, उलटी उदाहरणं, म्हणजे विधान खोटं पाडणारी उदाहरणं, येतात. त्यांची वेगळी वही करा. थोडी आम्हीच देतो :

लगतच्या पदांमधलं अंतर शून्याकडे जातं, तरी क्रम अभिसारी नाही : न चं वर्गमूळ. दोन्ही आंशिक विकलज आरंभबिंदूपाशी आहेत, तरी फल तिथे संतत नाही : क्ष गुणिले य भागिले (क्ष² + य²), आणि आरंभबिंदूपाशी शून्य. दोन सारण्यांचं लक्षण बहुपद एकच, तरी त्या समरूप नाहीत : दोन-बाय-दोन शून्य सारणी आणि फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात १ असलेली सारणी. प्रत्येक खरा उपगट चक्रीय, तरी गट क्रमनिरपेक्ष नाही : तीन वस्तूंच्या क्रमचयांचा गट. सगळे उपगट प्रसामान्य, तरीही गट क्रमनिरपेक्ष नाही : आठ घटकांचा क्वाटर्निअन गट.

प्रत्येक उदाहरण स्वतः पडताळून लिहा. अशी साठ-सत्तर उदाहरणं जमली की पर्याय बाद करायला वेळ लागत नाही.

प्रश्न : एम.एस्सी.चं पहिलं सत्र चालू आहे. बी.एस्सी.ला ८० टक्क्यांच्या वर होते. इथे सर फळ्यावर सिद्धता लिहितात, तेव्हा कळते. घरी कोरा कागद घेतला की एक ओळ सुचत नाही. एप्सिलॉन-डेल्टाने तर रडू येतं. विषय सोडावा का?
— विद्यार्थिनी, लोकमान्य नगर, इंदूर

सोडू नका. अडचण तुमच्या बुद्धीत नाही, अभ्यासाच्या रीतीत आहे, आणि रीत बदलता येते.

बी.एस्सी.ला ‘सिद्ध करा’ म्हणून ठरावीक दहा-बारा प्रमेयं येतात आणि ती पाठ करूनही निभावतं. एम.एस्सी.त विधानातल्या शब्दांचा क्रम हेच गणित असतं. एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू : क्ष चा वर्ग हे फल अ या बिंदूपाशी संतत आहे, म्हणजे क्ष हा अ पासून डेल्टाच्या आत असला की क्ष² हा अ² पासून एप्सिलॉनच्या आत राहतो, हे दाखवायचंय.

पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले (२|अ| + १) यांतला लहान घ्या.’ हे कुठून आलं, असा प्रश्न पडतो आणि तिथेच धीर सुटतो. ते आलंय कच्च्या कामातून, जे पुस्तकात छापत नाहीत. क्ष² वजा अ² म्हणजे (क्ष − अ) गुणिले (क्ष + अ). पहिला अवयव आपल्या हातात आहे, तो डेल्टापेक्षा लहान ठेवता येतो. दुसरा हातात नाही, तो मोठा होऊ शकतो. म्हणून आधी क्ष ला अ पासून १ च्या आत बांधून टाकायचं, की क्ष + अ चं मूल्य २|अ| + १ च्या वर जात नाही. मग डेल्टा कसा निवडायचा ते आपोआप समोर येतं. कच्चं काम शेवटाकडून सुरुवातीकडे होतं, पक्की सिद्धता सुरुवातीकडून शेवटाकडे लिहितात. तुम्ही फळ्यावर फक्त पक्की सिद्धता बघता. वहीचं पान मधोमध दुमडा, डावीकडे कच्चं, उजवीकडे पक्कं, आणि डावी बाजू कधीच खोडू नका.

आता आकडे घाला. एप्सिलॉन १ घ्या. अ = १० असेल तर हा डेल्टा १/२१, म्हणजे ०.०४७६. जास्तीत जास्त चालणारा डेल्टा १०१ च्या वर्गमूळातून १० वजा केल्यावर मिळतो, साधारण ०.०४९९. आपला जरा लहान आहे, पण सर्वांत मोठा डेल्टा कुणी मागितलेलाच नाही. अ = १०० ला डेल्टा १/२०१, म्हणजे जेमतेम ०.००५. अ वाढत गेला की डेल्टा आकसत जातो. पूर्ण वास्तव रेषेवर सगळ्या बिंदूंना पुरेल असा एक डेल्टा उरत नाही, म्हणून हे फल तिथे संतत असूनही एकसमान संतत नाही. ० ते १०० च्या बंद अंतरालात मात्र १/२०१ सगळ्यांना पुरतो. ‘प्रत्येक बिंदूसाठी डेल्टा आहे’ आणि ‘असा डेल्टा आहे जो प्रत्येक बिंदूला चालतो’ या दोन वाक्यांत शब्द जवळपास तेच आहेत, फक्त क्रम फिरलाय. सगळं विश्लेषण या एका फरकावर उभं आहे, म्हणून तो आकड्यांतून एकदा तरी स्वतः पाहायलाच हवा.

बीजगणितातही असाच एक अडथळा येतो : भागफल गटावर नियम लिहिला की तो सुव्याख्यात आहे का हे तपासायचं राहून जातं. ६ ने भागून उरणाऱ्या बाकीवरून ४ ने भागून उरणारी बाकी सांगायला जा. ० आणि ६ पहिल्या गटात एकच आहेत, पण ४ ने भागल्यावर ० ची बाकी ० आणि ६ ची २. नियम तिथेच मोडला.

रोजच्या अभ्यासात प्रमेय वाचा, पुस्तक बंद करा आणि सिद्धतेचा सांगाडा तीन ओळींत लिहा : कुठून निघालो, कळीची पायरी कोणती, कुठे पोचलो. मग पूर्ण लिहा. अडलात तर पुस्तकातली फक्त एक ओळ बघा. शेवटी प्रत्येक गृहीताखाली रेघ मारून ते सिद्धतेत नेमकं कुठे वापरलं ते शोधा, आणि ते काढलं तर काय मोडतं याचं एक उदाहरण द्या. ‘बंद अंतरालावरचं संतत फल सीमित असतं’ या प्रमेयातलं ‘बंद’ काढलं की १/क्ष हे फल ० ते १ च्या अर्धखुल्या अंतरालावर असीमित होतं, झालं. एका प्रमेयाला तास लागला तरी हरकत नाही. महिन्याभरात वेळ कमी होताना दिसेल.

आणि उन्हाळ्यासाठी एक सांगतो. एमटीटीएस हा चार आठवड्यांचा गणित प्रशिक्षण वर्ग १९९३ पासून देशात भरतो. तिथे फळ्यावरून उतरवून घेणं नसतं. विद्यार्थ्याकडूनच प्रश्नोत्तरांतून सिद्धता काढून घेतात. तुम्ही लिहिलेल्या दुखण्यावर यापेक्षा चांगला उपाय आम्हाला माहीत नाही. अर्ज बरेच महिने आधी निघतात, त्यावर लक्ष ठेवा.

प्रश्न : चार वर्षांचं बी.एस्सी. ऑनर्स करून एक वर्षाचं एम.एस्सी. करावं, की तीन वर्षांनंतर दोन वर्षांचं?
— विद्यार्थी, लष्कर, ग्वाल्हेर

वर्षं सारखीच, पाच. चौथ्या वर्षाचा अभ्यासक्रम मागवून त्यात वास्तव विश्लेषण, अमूर्त बीजगणित, टोपॉलॉजी आणि संमिश्र विश्लेषण पूर्ण सत्रभर आहेत का बघा. नसतील तर दोन वर्षांचं एम.एस्सी. घ्या. ज्या विद्यापीठात जायचंय तिथे एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झालाय का, हेही आधीच विचारा. थेट पीएच.डी.चा विचार असेल तर चौथ्या वर्षाला वजन आहे, कारण चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एम.एस्सी.शिवायही अर्ज करता येतो.

प्रश्न : खासगी शाळेत नोकरी आहे, सोडता येत नाही. इग्नूचं गणितातलं एम.एस्सी. चालेल का?
— शिक्षक, राजेंद्र नगर, इंदूर

चालतं. पण त्या पदवीचं नाव ‘गणित, संगणकशास्त्रातील उपयोजनांसह’ असं आहे आणि संगणकाचा भाग खराच करावा लागतो. ज्या भरतीसाठी करताय तिच्या जाहिरातीतली विषयांची यादी शब्दन्‌शब्द वाचा आणि जवळचं अभ्यासकेंद्र हाच अभ्यासक्रम चालवतं का, ते पैसे भरण्याआधी विचारा.

प्रश्न : एम.एस्सी., बी.एड. आहे, आता एम.एड. करतेय. प्रबंधाला ‘विद्यार्थ्यांची गणिताविषयीची अभिवृत्ती’ हा विषय सुचवलाय. घरी मराठी आणि शाळेत हिंदी अशा मुलांवर काही करता येईल का?
— शिक्षिका, रामबाग, इंदूर

करता येईल आणि करावंच. अभिवृत्तीची प्रश्नावली शंभर मुलांना वाटली की टक्केवारी मिळते, पण मूल गणित करताना कुठे अडतं ते त्यातून कळत नाही. इंदूरच्या मराठी घरांतली मुलं मात्र एक दुर्मीळ परिस्थिती रोज जगतात : दोन भाषा, एकच लिपी, आणि सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे निराळे अर्थ.

घरी आजी अपूर्णांक म्हणते, शाळेत त्याला ‘भिन्न’ म्हणतात, आणि मराठीत भिन्न म्हणजे वेगळा. अंश दोन्हीकडे अंशच, पण आपला छेद तिकडे ‘हर’. आपली मूळ संख्या तिकडे ‘अभाज्य’. गुणोत्तराला ‘अनुपात’. आपण प्रमाण म्हणतो त्याला हिंदीत ‘समानुपात’, आणि हिंदीत ‘प्रमाण’ म्हणजे पुरावा. चौरसाला हिंदीत ‘वर्ग’, जो आपल्याकडे संख्येचा असतो. काटकोन तिकडे ‘समकोण’, वर्तुळ ‘वृत्त’. पुढे एम.एस्सी.पर्यंत हेच चालतं : आपला संच तिकडे ‘समुच्चय’, गट तिकडे ‘समूह’. बडोद्याच्या मराठी मुलाला हा त्रास कमी, कारण गुजरातीतही अपूर्णांक, छेद, गुणोत्तर, चोरस, वर्तुळ हेच शब्द आहेत. त्यामुळे इंदूर-बडोदा तुलना हा एक स्वतंत्र विषय होऊ शकतो.

संख्यानामांतही खाण आहे. ८९ ला आपण एकोणनव्वद म्हणतो, नव्वदाला एक कमी. हिंदीत ‘नवासी’, म्हणजे ऐंशी आणि नऊ. ७९ ला मात्र दोन्ही भाषा वरच्या दशकातून एक कमी करतात. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली आणि मोठा वाद झाला. डॉ. मंगला नारळीकरांनी तिची बाजू मांडली होती. तिकडे चर्चा एका भाषेपुरती होती, तुमच्या वर्गात दोन आहेत.

प्रबंधाचा आवाका लहान ठेवा. सहावी-सातवीतली २५ ते ३० मुलं, दोन शाळा पुरे. मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी आधी घ्या, त्यासाठी महिना धरा. प्रत्येक मुलाशी एकेकट्याने २० मिनिटं बोला, आवाज ध्वनिमुद्रित करा. कामं पाच-सहाच द्या. ०.४ मोठा की ०.३५? (३५ मोठे म्हणून ०.३५ म्हणणारी मुलं ठरलेली.) १/२ आणि १/३ ची बेरीज २/५ का नाही, हे चित्राने सांग. २/३ मोठा की ३/५? ४०२ मधून १७८ वजा कर. ८९ ऐकून अंकांत लिही, एकदा मराठीतून, एकदा हिंदीतून. आणि एक काम घरच्या शब्दांतलं : पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. बाजारात ‘दीड पाव’ सहज समजणारं मूल वहीत १½ गुणिले ¼ पाहून थांबतं का, ते बघा. जुनी पिढी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी पाठ म्हणायची. आजी-आजोबांकडून ती मुलांच्या कानावर पडली आहे का, हेही विचारा.

बिघडतं कुठे, तर तीन ठिकाणी. संशोधक मुलाला मधेच दुरुस्त करतो, आणि मग मुलाचा विचार मिळत नाही, आपलाच मिळतो. नुसतं ‘कसं केलंस ते सांग’ म्हणा आणि थांबा. दुसरं, बरोबर उत्तर आलं की पुढे जातात. बरोबर उत्तरामागेही चुकीची रीत असते. तिसरं, ध्वनिमुद्रण उतरवून काढायचा वेळ धरत नाहीत. २० मिनिटांच्या संवादाला दोन तास लागतात, ३० मुलांना ६० तास. मार्गदर्शकांना दाखवताना हा हिशेब सोबत न्या, म्हणजे विषय मान्य व्हायला मदत होईल.

प्रश्न : एम.एस्सी. शेवटच्या वर्षाला आहे. संशोधन करायचंय, पण शुद्ध गणितात की गणितशिक्षणात हे ठरत नाही. नेट कोणती द्यावी?
— विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदा

एम.एस्सी.च्या जोरावर सीएसआयआर-यूजीसी नेट, विषय गणितीय विज्ञान. २०० गुण, ३ तास. पहिल्या भागातले २० पैकी १५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण. दुसऱ्यातले ४० पैकी २५, प्रत्येकी ३. तिसऱ्यातले ६० पैकी २०, प्रत्येकी ४.७५, आणि तिथे वजावट नाही. ९५ गुण या तिसऱ्या भागात आहेत. सगळे प्रश्न वाचायला जाऊ नका. रेषीय बीजगणित आणि विश्लेषण आधी, मग तुमचा हातखंड्याचा एक विषय. शिक्षणशास्त्राची नेट वेगळी असते, ती एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातल्या एम.ए.नंतर.

गणितशिक्षणात संशोधनासाठी एम.एड. सर्वत्र लागतंच असं नाही. मुंबईला मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं, ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे आणि तिथे विज्ञान-गणितशिक्षणात पीएच.डी. होते. गणितातली एम.एस्सी. घेऊन अर्ज करता येतो. तुमच्या सयाजीराव विद्यापीठातच विज्ञान शाखेत गणित विभाग आहे आणि शिक्षण व मानसशास्त्राची वेगळी विद्याशाखा आहे. या सत्रात त्या विद्याशाखेतल्या दोन-तीन प्रबंध-सादरीकरणांना जाऊन बसा, आणि एखाद्या शाळेत आठवड्यातून एक तास मुलांच्या चुका वहीत टिपा. दोन महिन्यांनी ती वही उघडावीशी वाटली तर गणितशिक्षण. वही बाजूला पडून मेजर थिअरीची उदाहरणंच हाताशी येत असतील तर तसं ठरवा आणि पीएच.डी.चे अर्ज त्या बाजूने भरा.